भूगोल म्हणजे नियती नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूगोल हा राजधान्या, नद्या, पिके आणि खनिजे यांच्या याद्यांचा विषय आहे, अशी समजूत शाळेतच घट्ट होऊन बसते. परीक्षा आटोपली की याद्या विसरल्या जातात. समजूत मात्र कायम राहते. या समजुतीची किंमत सामाजिक चळवळीला मोजावी लागते. दुष्काळ हा निसर्गाचा कोप आहे, अमुक भाग मुळातच मागास आहे, तमुक मुलखातील माणूस हवेमुळेच मंद आहे, अशी विधाने व्यासपीठांवरून आणि सरकारी अहवालांतून भूगोलाच्या नावाने केली जातात. त्यांना उत्तर देण्याची वेळ येते तेव्हा कार्यकर्त्याजवळ इतिहास असतो, थोडेबहुत अर्थशास्त्र असते. भूगोल मात्र त्याने प्रतिपक्षाला देऊन टाकलेला असतो. वस्तुतः या विधानांची वंशावळ भूगोलशास्त्राच्या इतिहासात सापडते आणि त्यांचे खंडनही त्याच इतिहासात सापडते. म्हणून या शास्त्राच्या मूलभूत कल्पना कोणत्या, त्या कोणी व कशासाठी घडविल्या, याचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

मूलभूत कल्पना

या कल्पना समजून घेण्यासाठी एकच जिल्हा पुरेसा आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत, त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण आणि खटाव हे तालुके आहेत. तेथे पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि त्याच्या पाठीमागे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. भूगोलातील पहिली कल्पना 'स्थाना'ची. पृथ्वीच्या पाठीवर एखादी वस्तू कोठे आहे आणि कशाच्या सापेक्ष आहे, याला परिणाम असतात. माणची ओढग्रस्त शेती समजण्यासाठी माण डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे, हे आधी पाहावे लागते.

दुसरी कल्पना 'प्रदेशा'ची. पर्जन्यछायेचा पट्टा हा निसर्गाने आखलेला प्रदेश; सातारा जिल्हा हा प्रशासनाने आखलेला प्रदेश. या दोहोंच्या सीमा जुळत नाहीत. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली तर ती महाबळेश्वरालाही लागू पडत नाही आणि माणलाही लागू पडत नाही. येथूनच 'प्रमाणा'ची तिसरी कल्पना उद्भवते. कोणत्या पातळीवर मोजमाप केले, राज्याच्या, जिल्ह्याच्या, तालुक्याच्या की गावाच्या, यावर काय दिसेल आणि काय दडून राहील हे ठरते. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. या समितीने जिल्हा हे एकक धरून 'अनुशेष' मोजला. त्या कामाचे मोल मोठे आहे. परंतु जिल्ह्याच्या सरासरीआड तालुका दडतो आणि तालुक्याच्या सरासरीआड गावकुसाबाहेरची वस्ती दडते, हेही तितकेच खरे. एकक कोणते निवडावे हा प्रश्न दिसतो तांत्रिक. पण पैसा आणि पाणी कोणाच्या दारी जाणार, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

चौथी कल्पना 'अवकाशीय संबंधां'ची. एक स्थळ दुसऱ्या स्थळाशी कशाने बांधले गेले आहे? कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी धरण आणि बोगदे बांधून तिचे बरेचसे पाणी पश्चिमेला, कोकणात उतरविण्यात आले. त्यावर निर्माण झालेली वीज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे गेली आणि पाणी वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळाले. कोयनेच्या खोऱ्यात ज्यांची गावे बुडाली, त्यांना पुनर्वसनासाठी पुढे अनेक दशके आंदोलने करावी लागली. मुंबईचा प्रकाश आणि कोयनाकाठचे विस्थापन या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. एका स्थळाचा विकास दुसऱ्या स्थळाच्या वंचनेशी कसा जोडलेला असतो, हे दाखविण्याचे सामर्थ्य या चौथ्या कल्पनेत आहे.

पाचवी कल्पना निसर्ग आणि मानव यांच्या परस्परसंबंधाची. सर्वांत जुनी, सर्वांत वादग्रस्त आणि राजकारणाच्या सर्वांत जवळची कल्पना हीच. शास्त्राच्या इतिहासातील मोठे तंटे तिच्याभोवतीच झाले.

राज्यकर्त्यांचे शास्त्र

'भूवर्णन' या अर्थाचा ग्रीक शब्द या शास्त्राला रूढ करून दिला तो इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एराटोस्थेनीस याने. तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही सायीनी या गावी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात मात्र तो वर्तुळाच्या एक पन्नासांश कोनाने कललेला असतो. या दोन गावांतील अंतर पाच हजार स्टेडिया धरले, तर पृथ्वीचा परीघ त्याच्या पन्नासपट, म्हणजे अडीच लक्ष स्टेडिया. सावली आणि भूमिती एवढ्या सामग्रीवर सबंध पृथ्वी मोजण्याचा हा उद्योग मानवी बुद्धीच्या श्रेष्ठ पराक्रमांपैकी एक होय. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीने सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश-रेखांश नोंदविले.

परंतु या दोघांच्या मधल्या काळात होऊन गेलेल्या स्ट्रॅबोने आपल्या सतरा खंडांच्या ग्रंथाच्या आरंभीच या विद्येचा मुख्य उपयोग कोणाला, हे नि:संकोचपणे सांगून टाकले होते. राज्यकर्त्याला आणि सेनापतीला. प्रदेश जिंकावयाचा, राखावयाचा, त्याच्यावर कर बसवावयाचा, तर त्याचे ज्ञान हवे. हा धागा पुढे कधी तुटला नाही.

तो भारतात किती पक्का विणला गेला, हे पाहण्यासारखे आहे. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. १७६७ मध्ये जेम्स रेनेल याची बंगालचा सर्व्हेयर जनरल म्हणून नेमणूक झाली. महसुलाचा हक्क आणि नकाशा यांच्यात अंतर अवघे दोन वर्षांचे. १७७० च्या दुष्काळात त्याच बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. तरीही कंपनीची १७७१ सालची वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ सालाहून अधिक झाली. रेनेलचा बंगालचा नकाशासंग्रह १७७९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. तो शास्त्रीय दृष्ट्या उत्तम होता. शास्त्रीय उत्तमता आणि जनतेचे कल्याण या दोन गोष्टी सदैव एकत्र नांदतात, अशा भ्रमात राहू नये, एवढाच याचा बोध.

१८०२ मध्ये विल्यम लँबटन याने मद्रासनजीक आधाररेषा मोजून त्रिकोणमापनाच्या प्रचंड कार्यास आरंभ केला. मोजणी उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. हेच काम पुढे हिमालयापर्यंत पोचले. सर्वोच्च शिखराच्या उंचीच्या गणितात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा वाटा निर्णायक होता. १८५२ मध्ये या शिखराची उंची सर्वाधिक असल्याचे त्याच्या गणिताने दाखविले, असे मानले जाते. पण १८६५ मध्ये शिखराला नाव मिळाले ते जॉर्ज एव्हरेस्ट या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचे. श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न फक्त कारखान्यातच उपस्थित होतो असे नाही.

निसर्गाचा हवाला

आधुनिक भूगोलाचा पाया दोन जर्मन पंडितांनी घातला. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याने १७९९ ते १८०४ या काळात दक्षिण व मध्य अमेरिकेचा प्रवास केला. १८१७ मध्ये समान तापमानाची स्थळे रेषेने जोडून त्याने समताप रेषांची कल्पना मांडली. व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी का आटत आहे याचा शोध घेताना त्याने जंगलतोडीकडे बोट दाखविले. क्यूबातील गुलामगिरीविरुद्ध त्याने स्पष्ट लिहिले. हवा, वनस्पती, भूमी आणि मानवी व्यवहार यांचे एकमेकांत गुंतलेले जाळे त्याला दिसत होते आणि त्या जाळ्यात अन्यायही दिसत होता. दुसरा कार्ल रिटर. बर्लिन विद्यापीठात १८२० पासून त्याने भूगोलाला अध्यापनाचा विषय म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. दोघेही १८५९ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी डार्विनचा प्रजातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

डार्विनच्या विचाराचा एक विपर्यास पुढे भूगोलात शिरला. फ्रीडरिख रॅट्झेल याच्या मानवभूगोलावरील ग्रंथाचा पहिला खंड १८८२ मध्ये निघाला. राज्य हे सजीवासारखे वाढते आणि वाढीसाठी त्याला 'जीवनावकाश' लागतो, अशी मांडणी त्याने पुढे केली. त्याच्या शिष्या एलन सेंपल यांनी १९११ मध्ये आणि एल्सवर्थ हंटिंग्टन याने १९१५ मध्ये, भौगोलिक परिस्थिती मानवी समाजाला घडविते, हे मत अमेरिकेत लोकप्रिय केले. हंटिंग्टनच्या मते कर्तबगारी समशीतोष्ण हवेत फुलते. उष्ण कटिबंधाच्या वाट्याला मंदपणा येतो. हाच नियतिवाद. साम्राज्ये चालविणाऱ्यांना याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते असणार? लुटीचे फलित निसर्गाच्या खात्यावर मांडता येऊ लागले. 'जीवनावकाशा'ची कल्पना पुढे नाझींनी उचलली आणि तिच्या नावाने पूर्व युरोपात काय घडले, हे सर्वविदित आहे.

तेच दशक, दुसरा प्रवाह

१८८० चे दशक या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपीय सत्तांची परिषद भरली. आफ्रिकेतील प्रदेश बळकावण्याचे नियम तेथे ठरले. परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. त्यानंतर नकाशावर ओढल्या गेलेल्या सरळ रेषांनी किती जमाती दुभंगल्या याचा हिशेब आजही संपलेला नाही.

परंतु याच दशकात दुसराही एक प्रवाह वाहत होता. पॅरिस कम्यूनमध्ये १८७१ साली भाग घेतल्याबद्दल एलिझे रक्ल्यू या फ्रेंच भूगोलज्ञाला शिक्षा झाली. अनेक शास्त्रज्ञांनी रदबदली केल्यामुळे ती हद्दपारीवर आली. परदेशात राहून त्याने १८७६ ते १८९४ या काळात जगाच्या भूगोलाचे एकोणीस खंड लिहिले. त्याचा स्नेही पीटर क्रोपोटकिन हा सैबेरियाच्या भूरचनेचा जाणकार. फ्रान्सच्या तुरुंगात असताना, १८८५ मध्ये, भूगोल कसा असावा या विषयावरील त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. भूगोलाने मुलांच्या मनात इतर राष्ट्रांविषयीची तुच्छता रुजवू नये, सर्व मानवजातीच्या बंधुत्वाची जाणीव द्यावी आणि तथाकथित 'रानटी' लोकांविषयीचे पूर्वग्रह नष्ट करावेत, ही त्याची मागणी. बर्लिन परिषद संपल्याचे तेच वर्ष.

आणि त्याच दशकात पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, वर उल्लेखिलेल्या खटाव तालुक्यातले. कोणत्याही विद्यापीठाने त्यांची भूगोलज्ञांत गणना केलेली नाही. तथापि १८८३ च्या या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचा हवाला त्यांनी निसर्गावर टाकला नाही. जंगलखात्याने गायराने काढून घेतली, म्हणून गुरे उपाशी राहिली. कर आणि कारकुनी यांनी शेतकरी नागवला. असे त्यांचे प्रतिपादन आहे. उपायही त्यांनी भूमीच्या जाणकारीनेच सुचविले. पावसाचे पाणी व त्याबरोबर वाहणारी सुपीक माती शेतात अडावी, म्हणून जागोजागी बांधबंदिस्ती करावी आणि त्या कामी सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील माणसे लावावीत, असे ते सुचवितात. पाणलोट क्षेत्रविकास हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही सूचना आहे.

संभव आणि न्याय

शास्त्राच्या अंतर्गतही नियतिवादाला आव्हान मिळाले. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश याने असे प्रतिपादन केले की, निसर्ग हुकूम देत नाही. तो अनेक शक्यता पुढे ठेवतो आणि त्यांतून निवड करतो तो मानवी समाज, आपल्या परंपरेने, तंत्राने आणि संघटनेने. लुसियँ फेव्र या इतिहासकाराने १९२२ मध्ये या विचाराला 'संभववाद' हे नाव दिले. मात्र निवड करणारा 'समाज' म्हणजे नेमके कोण, त्यातील धनिक की निर्धन, हा प्रश्न संभववादाने फारसा विचारला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर भूगोलाने गणिताची कास धरली. फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्येच शहरापासूनचे अंतर, वाहतूकखर्च आणि जमिनीचा खंड यांवरून कोणते पीक कोठे येईल याचा नमुना मांडला होता. वाल्टर ख्रिस्टालर याने १९३३ मध्ये गावे आणि बाजारपेठा यांच्या श्रेणींचा सिद्धांत दिला. या दोघांची पुढील वाटचाल ध्यानात ठेवण्याजोगी आहे. थ्यूनेनने १८४८ मध्ये आपल्या इस्टेटीवरील मजुरांना नफ्यात वाटा दिला. ख्रिस्टालरने आपला सिद्धांत नाझीव्याप्त पोलंडमधील वसाहतींच्या आखणीसाठी राबविला. सूत्रे आपल्या वापराची हमी देत नाहीत.

भूगोलाला न्यायाच्या प्रश्नाशी थेट भिडविले ते निराळ्याच लोकांनी. ब्राझीलचे डॉक्टर जोसुए द कास्त्रो यांनी १९४६ मध्ये भुकेचा भूगोल लिहिला. भूक ही हवामानाची वा वंशाची देणगी नसून मोठ्या जमीनदारीची आणि वसाहतवादी पिकपद्धतीची निष्पत्ती आहे, हे त्यांनी प्रदेशवार दाखविले. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांना देश सोडावा लागला आणि १९७३ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. अमेरिकेत विल्यम बंगी यांनी डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीत राहून तिचा भूगोल १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. उपनगरांतून येणाऱ्या मोटारींखाली त्या वस्तीतील मुले कोठे चिरडली जातात, याचा नकाशा त्यांच्या अभ्यासातून पुढे आला. १९७३ मध्ये डेव्हिड हार्वे यांचा सामाजिक न्याय आणि शहर यांवरील ग्रंथ निघाला. जमिनीची किंमत, झोपडपट्टी आणि भांडवलाची हालचाल यांची सांगड त्याने घातली. अवकाश हे रिकामे भांडे नसून सामाजिक संबंध ते घडवितात, हा विचार तेव्हापासून भूगोलात दृढमूल झाला.

कार्यकर्त्यापुढील काम

या विवेचनाचा आपल्या कामाशी संबंध काय? पुन्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्याकडेच वळावे. पाऊस कमी पडतो, हे सत्य आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच अवर्षणप्रवण पट्ट्यातील सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रेसर आहे आणि ऊस हे पाण्याची सर्वाधिक तहान असलेल्या पिकांपैकी एक. तेव्हा कमतरता पावसाची किती आणि वाटपाची किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 'पाणी पंचायती'चा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरविता माणसांच्या संख्येवर ठरविला, भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला मज्जाव केला. पाऊस तेवढाच राहिला, डोंगरही तेथेच राहिला. बदलला तो नियम, आणि नियमाबरोबर शिवाराचा भूगोल बदलला. नियतिवादाला याहून चोख उत्तर पुस्तकात मिळणार नाही.

नकाशाच्या मालकीचा प्रश्नही आज नव्या रूपात पुढे आला आहे. नकाशे तयार करण्यावरील व प्रसिद्ध करण्यावरील बरीचशी सरकारी बंधने २०२१ मध्ये शिथिल झाली. खाजगी कंपन्या या संधीचा लाभ घेणार हे उघड आहे. जनतेनेही तो घ्यावयास हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना आपल्या सामूहिक वनाच्या सीमा सांगण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मान्य झाला. आपल्या जंगलाची हद्द आपण चालत जाऊन नोंदवावी आणि शासनाने ती मान्य करावी, ही घटना रेनेलपासून चालत आलेल्या परंपरेला उलटी दिशा देणारी आहे. जेथे मोजणीदार येई आणि रयतेची जमीन कागदावर चढे, तेथे आता रयत स्वतः मोजणी करू लागली आहे.

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्याचा नकाशा मिळवावा. त्यावर ओढे, पाझर तलाव, विहिरी, कालवे आणि रस्ते यांच्या जोडीने कोणाची वस्ती कोठे आहे, टँकर कोठवर पोचतो, कालव्याचे पाणी कोणाच्या बांधाशी थांबते, शाळा व दवाखाना किती अंतरावर आहे, याच्या खुणा कराव्यात. जिल्ह्याची सरासरी सांगितली गेली की तालुक्याचा आकडा मागावा, तालुक्याचा मिळाला की गावाचा आणि गावाचा मिळाला की वस्तीचा मागावा. एखादा भाग 'मुळातच मागास' आहे असे कोणी म्हणाले, की तेथून काय बाहेर जाते आणि तेथे काय येते, याचा ताळेबंद मांडावा. यासाठी पदवीची गरज नाही. चालण्याची तयारी आणि विचारण्याची चिकाटी हवी.

डोंगर कोठे असावा, हे माणसाच्या हाती नाही. डोंगरावरून उतरलेले पाणी कोणत्या शिवारात जावे, हे मात्र माणसेच ठरवितात. आणि ती माणसे कोण असावीत, या प्रश्नाचा निकाल संघटित जनतेने लावावयाचा आहे.